शिडीचं तिकीट

सकाळच्या नवव्या चिठ्ठीवर माझ्या मुलीचं नाव होतं. चिठ्ठ्या खिडकीतून आत सरकवल्या जातात आणि एकावर एक पडतात. मी वरची उचलतो, कशाचा एक्स-रे काढायचा ते आधी वाचतो, मग वय, मग नाव. तेवीस वर्षं हाच क्रम आहे. गुडघा, बासष्ट. मनगट, नऊ. छाती, सव्वीस. एवढं वाचून डोकं कामाला लागलंही होतं. सव्वीस वर्षांच्या मुली एकट्या आल्या की त्यांना प्राण्यांचे विनोद चालत नाहीत, लग्नाचे तर मुळीच नाहीत. ऑफिसातल्या साहेबाचा एखादा चालतो, तोही छोटा, कारण त्यांना घाई असते. साहेबाचा कोणता, एवढंच ठरायचं होतं. मग नाव वाचलं. ते नाव आम्ही दोघांनी मिळून ठेवलेलं, त्यामुळे पुन्हा वाचायची गरज नव्हती, तरी मी पुन्हा वाचलं. खाली दुसऱ्या कुठल्या तरी डॉक्टरच्या अक्षरात लिहिलं होतं, तीन आठवडे खोकला. मुलीची आई जाऊन साडेचार महिने झाले होते आणि त्यातले जवळजवळ चार महिने मुलगी माझ्याशी बोललेली नव्हती. ती याच शहरात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, हे मला तिच्या मोठ्या मावशीकडून कळलेलं. खोकल्याचं मावशीलाही माहीत नसावं.

लोकांना वाटतं मी विनोदी माणूस आहे. मी नाही. समारंभाला गेलो तर मी भिंतीकडेची खुर्ची बघतो. विनोद हा माझ्या कामाचा भाग आहे, शिशाचा पडदा असतो तसा. माणूस या खोलीत आला की घाबरतो. खोली थंड असते, यंत्र मोठं असतं, आणि मी त्याला एकटं सोडून काचेमागे जातो. घाबरलेला माणूस खांदे वर घेतो, श्वास अर्धाच घेतो आणि प्लेट बिघडते. म्हणून विनोद. पण हसतानाही प्लेट काढता येत नाही, छाती हलते. हसू येऊन जावं लागतं. हसून झाल्यावर माणूस एक मोकळा श्वास घेतो, त्याचा त्यालाही पत्ता नसतो, तो श्वास मला हवा असतो. त्यामुळे विनोद फार हसवणारा असून चालत नाही आणि न हसवणाराही चालत नाही. बरगडी मोडलेल्याला विनोद सांगायचाच नाही, त्याला हसणं म्हणजे शिक्षा. लहान मुलांना हत्तीचा. हत्ती इथं एक्स-रे काढायला आला, मी म्हटलं श्वास घे, त्यानं घेतला, तर खुर्ची, पंखा आणि मी असे तिघंही त्याच्या सोंडेला चिकटलो. म्हटलं सोड बाबा, त्यानं सोडला, तेव्हापासून माझे केस इतके मागे गेलेत. म्हाताऱ्या बाईंना चष्म्याचा. आजोबा घरभर चष्मा शोधतात, आजी म्हणते डोळ्यावर आहे, आजोबा म्हणतात बरं झालं सांगितलंस, नाहीतर तसाच बिनचष्म्याचा गेलो असतो. बाई एकटी आली असेल तर तोही नाही. कारण घरी आजोबा आहेत की गेले, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

हे मला बायकोनं शिकवलं. सुरुवातीला मी काहीही सांगायचो. एकदा जिन्यावरून घसरलेल्या माणसाला केळ्याच्या सालीवरून घसरणाऱ्या साहेबाचा विनोद सांगितला, आणि घरी येऊन सांगितलं की तो हसला नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुमच्याकडे निम्मी माणसं पडूनच येतात, त्यांना पडण्यात काय हसायला येणार?" तेव्हापासून प्रत्येक नवा विनोद आधी तिला सांगायचा अशी रीत पडली. ती हसायची नाही. ती हसेल म्हणून मी सांगतही नव्हतो. सांगून झालं की विचारायची, "समोर कोण बसलंय?" मी म्हणायचो, समज बहिरा माणूस. समज नवी सून, सासूबरोबर आलेली. समज ज्याचं पोट सुटलंय असा. ती एकेकाच्या जागी बसून बघायची, खरंच तसा चेहरा करून, आणि मग सांगायची, हे चालेल, हे काढा, इथं बायको नको, शेजारी घाला. तिच्या हाताखालून गेलेला विनोद कुणालाही लागायचा नाही. स्वच्छ म्हणजे घाण शब्द नसलेला एवढंच मला वाटायचं. ती म्हणायची, जो ऐकून कुणी घरी जाऊन रडणार नाही तो स्वच्छ.

आणि एक शिडीचा होता. तो वेगळ्या कामाचा. प्लेट वाचणं हे माझं काम नाही, ते डॉक्टरीणबाईंचं, आणि मी पेशंटला एक अक्षर सांगायचं नाही असा नियम आहे. नियम बरोबरच आहे. पण इतकी वर्षं बघून डोळे अडाणी राहत नाहीत. पडद्यावर वाईट काही दिसलं की ते माझ्या तोंडावर दिसतं, आणि पेशंट काचेतून माझं तोंडच बघत असतो. बाई येईपर्यंत कधी दहा मिनिटं जातात, कधी अर्धा तास. तेवढा वेळ भरायला शिडीचा. एक माणूस शिडी घेऊन बसमध्ये चढतो. कंडक्टर म्हणतो, शिडीचं तिकीट काढावं लागेल. माणूस काढतो. पुढच्या थांब्यावर एक बाई चढते, म्हणते, शिडीला तिकीट आहे तर तिला सीट का नाही? शिडीला सीट मिळते. त्याच्या पुढच्या थांब्यावर तपासनीस चढतो, म्हणतो, शिडी खिडकीबाहेर डोकं काढते, दंड पडेल. असं चालतं. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी नवा चढतो आणि शिडीवरून भांडण वाढतं, आणि मला हवे तितके थांबे वाढवता येतात. बाईंची चप्पल बाहेर वाजली की बस शेवटच्या थांब्याला आणायची. माणूस उतरतो. कंडक्टर न राहवून विचारतो, एवढा त्रास सोसलात, शिडी न्यायची तरी कुठं होती? माणूस म्हणतो, कुठं नाही हो, बसमध्ये कधी बसायला मिळत नाही, म्हणून रोज घेऊन चढतो. हा विनोद मी तेवीस वर्षांत किती जणांना सांगितला ते मला आठवायचं नाही. ज्यांना सांगितला त्यातले फार थोडे नंतर मला रस्त्यात दिसले.

मी दार उघडून नाव पुकारलं. बाकावरून ती उठली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची दुपारची पाळी असते ना?"

"बदलून घेतली. या आठवड्यापुरती."

"मला वाटलं सकाळी दुसरे असतील."

"ते रजेवर आहेत. थांबायचं असेल तर सोमवारी येतील."

ती दारातच खोकली, तोंडावर हात धरून, आणि तो खोकला संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. "काढून टाका," ती म्हणाली. आत आल्यावर पर्स स्टुलावर ठेवली आणि वळून म्हणाली, "आणि एक. विनोद नको."

"नाही सांगणार."

"काहीच नको. दुसरं कुणी असतं तसं करा."

दुसरं कुणी असतं तसं करायचं म्हणजे मला तिला विचारावं लागणार होतं. हा प्रश्न मी रोज दहा-पंधरा जणींना विचारतो, कागदाकडे बघत, एका सुरात. मी कागद हातात घेतला. "दिवस गेलेत का, किंवा तशी शक्यता?"

"नाही."

"गळ्यात काही आहे? केसांची पिन?"

तिनं साखळी काढली. ती तिच्या आईची होती. माझ्या हातात न देता तिनं ती पर्सवर ठेवली. मी तिला उभं केलं. छातीच्या प्लेटला माणूस आमच्याकडे पाठ करून उभा राहतो, हनुवटी वर, हात कमरेवर, आणि खांदे पुढे ढकलून प्लेटला लावायचे, नाहीतर पाठीच्या फऱ्यांची सावली पडते. मी म्हटलं, खांदे पुढे. तिनं घेतले, पण पुरेसे नाहीत. कुणाचेच पहिल्यांदा पुरेसे होत नाहीत, मला हात लावून ढकलावे लागतात. मी पुन्हा म्हटलं, अजून पुढे. मग हात लावला. तिचे खांदे कडक होते. लहान मुलाला शाळेच्या रांगेत ढकलतात तसे मी ते ढकलले, आणि मला समजलं की गेल्या साडेचार महिन्यांत मी कुठल्याच माझ्या माणसाला हात लावलेला नव्हता. अनोळखी माणसांचे खांदे दिवसाला चाळीस.

सात महिन्यांपूर्वी तिची आई याच जागी उभी होती. पाठ दुखते म्हणून आली होती, छातीचं काही मनातही नव्हतं, बाईच म्हणाल्या छातीचीही काढून टाका. ती मजेत होती. माझं काम तिनं कधी बघितलं नव्हतं, सगळं निरखत होती. हे काय, ते काय. मी तिला म्हटलं, बोलू नकोस, श्वास धर. काचेमागे आलो, बटण दाबलं, कॅसेट यंत्रात घातली. आमच्या पडद्यावर चित्र वरून खाली उतरत येतं. आधी मान, मग गळ्याखालची दोन हाडं, मग बरगड्या एकेक. ते तिसऱ्या बरगडीखाली आलं. कापूस पाण्यात पिंजल्यासारखं, कडा नसलेलं. मी किती वेळ बघत होतो माहीत नाही. काचेपलीकडून ती माझ्याकडे बघत होती, इतरांसारखीच. मी बाहेर आलो. तिच्याशी काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं, डोकं बंद होतं. तोंड मात्र चालू होतं. तोंडाला काय, ते रोज तेच करतं. मी म्हणालो, "एक माणूस शिडी घेऊन बसमध्ये चढतो."

जगात एकच माणूस असा होता ज्याला हा विनोद कुणासाठी आहे ते माहीत होतं. तिनंच तो पारखून दिला होता, तपासनिसाचा थांबा तिचाच. मी पहिल्या थांब्यावर पोचलो होतो आणि बोलतच होतो. ती स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझ्यासाठी किती थांबे आहेत?"

ते दोन महिने आणि अठरा दिवस निघाले. मुलगी तेव्हा दुसऱ्या शहरात होती, ट्रेनिंगच्या शेवटी परीक्षा होती, पास झाली तर नोकरी पक्की. बायको म्हणाली, तिची परीक्षा होऊ दे. मी म्हटलं, तिला सांगायला हवं. ती म्हणाली, सांगून ती काय करेल, पुस्तक मिटून इथं येऊन बसेल, आणि मला तिला तसं बघायचं नाही. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. आईचा आवाज बसायला लागला तशी फोन माझ्याकडे आला. मी विनोद सांगायचो. बायको उशीला टेकून बसायची आणि हातानं खुणा करायची, हा सांगा, तो नको, आता आवरा. मुलगी हसायची. म्हणायची, "आई कुठंय?" मी म्हणायचो शेजारी गेलीय, झोपलीय, दुकानात गेलीय, आणि लगेच पुढचा. परीक्षा संपली त्याच दिवशी मी तिला सांगितलं. ती आली तेव्हा आईचे नऊ दिवस राहिले होते, त्यातले चार शुद्धीतले. सगळं उरकल्यावर, माणसं गेल्यावर, मुलगी मला म्हणाली, "ती मरत होती आणि तुम्ही मला फोनवर हसवत होतात. मी हसत होते, तुम्हाला ऐकू येत होतं ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला आता माझ्या हसण्याचीच लाज वाटते." आणि बॅग भरली. आईनंच नको म्हटलं होतं हे मला सांगता आलं असतं. पण गेलेल्या माणसावर ढकलायचं कसं? ती उत्तर द्यायला नाही. आणि आवाज माझाच होता.

"श्वास घ्या," मी काचेमागून म्हटलं. दुसरं कुणी असतं तर अहोजाहोच केलं असतं. तिची पाठ फुगली. "धरा." बटण दाबलं. मधेच खोकेल की काय अशी भीती वाटत होती, पण तिनं दम धरला. "झालं." ती वळली आणि थेट काचेतून माझ्याकडे बघायला लागली. मी कॅसेट यंत्रात घातली.

तेवढ्या अर्ध्या मिनिटात माझ्या लक्षात आलं की मी अडकलोय. मी काही बोललो की तिला वाटणार, वाईट आहे. गप्प राहिलो की वाटणार, वाईट आहे आणि हे लपवतायत. हसलो तर संपलंच. ही मुलगी आईच्या शेजारी बसून माझे विनोद ऐकत मोठी झालीय, माझे सगळे चेहरे तिला पाठ आहेत. तिला दाखवायला माझ्याकडे एकही न वापरलेला चेहरा नव्हता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी समोर कोण बसलंय हा प्रश्न स्वतःला विचारला, तर उत्तर होतं, जिला मी फसवलंय ती. तिच्यासाठी विनोद नव्हता. तिच्या आईनंही काढून दिला नसता. पडद्यावर मान उतरली. गळ्याखालची हाडं उतरली. मी खुर्चीचा हात धरून ठेवला. पहिली बरगडी. दुसरी. उजवीकडे, तिसऱ्या आणि चौथीच्या मधे, एक पांढरा ठिपका होता. तुरीच्या दाण्याएवढा.

बाकी सगळं काळं, स्वच्छ. खाली काही नाही, डावीकडे काही नाही. मी परत वर आलो. ठिपका होताच. पांढराशुभ्र, कडा चाकूनं कापल्यासारख्या. असे ठिपके मी शेकड्यानं बघितलेत. जुनं काहीतरी होऊन, बरं होऊन, चुना धरून बसलेलं. वाईट असतं ते असं नसतं, ते पसरट असतं, त्याला कडा नसतात. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या छातीत असता तर मी त्या ठिपक्याकडे बघितलंही नसतं, पुढची चिठ्ठी उचलली असती. पण ते माहीत असणारा माणूस आणि त्या क्षणी खुर्चीत बसलेला माणूस एक नव्हते. बसलेल्या माणसाला वाटत होतं की त्याला चांगलं दिसायला हवंय म्हणून चांगलं दिसतंय. तोच माणूस सहा महिन्यांपूर्वी बायकोला म्हणत होता, तुझा रंग आज बरा दिसतोय.

मी बाहेर आलो. ती स्टुलावर बसली नव्हती. उभीच होती, हात बांधून. मी तोंड उघडलं आणि खरोखर, जिभेच्या टोकावर तो माणूस शिडी घेऊन उभा होता. मी तोंड मिटलं. परत उघडलं. "इकडे ये," मी म्हटलं. "आत."

"पेशंटला आत येऊ देत नाहीत ना?"

"नाही देत. ये."

ती काचेमागे आली. मी पडदा तिच्याकडे वळवला, तिला खुर्चीत बसवलं आणि बोट ठेवलं. "हा एक ठिपका आहे. हा नसता तर मी म्हटलं असतं, प्लेट साफ आहे. मला वाटतं हा जुना आहे, बरा झालेला. याच्या कडा बघ, ठळक आहेत. पण मला वाटतं ते धरू नकोस. मी डॉक्टर नाही, आणि मी तुझा बाप आहे. बाई साडेदहाला येतात, त्या सांगतील. याच्याशिवाय मला काही दिसत नाही. मी काही लपवत नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. एवढं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो, मधे एकही हसू न पेरता.

"आईचा असाच होता?"

"नाही. मोठा होता. आणि कडा नव्हत्या."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"बघताक्षणी."

"आणि मला अडुसष्ट दिवसांनी."

"हो," मी म्हटलं.

तिनं दिवस मोजून ठेवलेत हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं तिथंच बसलो, ती खुर्चीत, मी कॅसेटच्या कपाटाला टेकून. बाहेर बाकावर माणसं होती, दहावी चिठ्ठी, अकरावी. कुणीतरी दार वाजवून म्हणालं, "चहाला गेले काय?" साडेदहा वाजून गेले. ती एकदा खोकली आणि मी पडद्याकडे बघितलं, जणू तो ठिपका हलेल. ती म्हणाली, "माझ्याकडे बघा, तिकडे नका बघू." मी तिच्याकडे बघितलं. बारीक झाली होती.

डॉक्टरीणबाई आल्या, मुलीला खुर्चीत बघून भुवया चढवल्या, मी म्हटलं, "ही माझी मुलगी." त्यांनी वाकून ठिपका मोठा करून बघितला, परत लहान केला. मग मला, मुलीला नाही, विचारलं, "लहानपणी छातीचं काही झालं होतं? पाच-सहा महिने रोज औषध वगैरे?"

मी मुलीकडे बघितलं, मुलीनं माझ्याकडे. तिला आठवायचं कारण नव्हतं, आणि मला माहीत नव्हतं. गोवर कधी आला, कोणतं इंजेक्शन चुकलं, कशानं पुरळ येतं, हे सगळं एका माणसाला माहीत असायचं. घरातले असे सगळे प्रश्न आम्ही तिच्याकडे ढकलायचो. मी म्हटलं, "नाही बहुतेक." बाई म्हणाल्या, "बहुतेक नको. त्यावर बरंच ठरतं. असेल तर हा त्याचाच वण आहे, काही करायला नको. नसेल तर मोठा स्कॅन करू."

"मोठ्या मावशीला विचारू?" मुलगी म्हणाली, आणि तिनंच फोन लावला, आवाज मोकळा सोडून टेबलावर ठेवला. मावशीचं ऐकणं कमी झालंय, त्यामुळे ती स्वतः ओरडून बोलते.

"कोण, भिंगरी का गं? आज कसा फोन? बरी आहेस ना?"

"मावशी, मी लहान असताना मला छातीचं काही झालं होतं का? खूप दिवस औषध?"

मावशी म्हणाली, "तुझा बाप आहे का जवळ?"

"आहे."

"मग जाऊ दे, मागाहून बोलू."

"अहो ताई, बोला," मी म्हटलं. "डॉक्टर विचारतायत. इथंच उभ्या आहेत."

"आता काय, जिनं शपथ घातली तीच गेली," मावशी म्हणाली. "होतं. तीन वर्षांची होती ही. सहा महिने रोज गोळी कुटून साखरेतून द्यायची. माझ्याच घरी होत्या दोघी. तुम्ही तेव्हा तो एक्स-रेचा कोर्स करायला गेला होतात. मी हजारदा म्हटलं, कळव त्यांना. तर म्हणाली, नको, त्यांची परीक्षा होऊ दे. कळलं तर पुस्तक मिटून येतील आणि परत वॉर्डबॉय होऊन बादल्या उचलत बसतील. दर रविवारी तुमचा फोन यायचा शेजारच्या दुकानात, आठवतं? मी तिच्याबरोबर जायची. पोरगी घरी तापानं फणफणलेली, आणि ही फोनवर तुम्हाला सांगतेय, आज हिनं कुत्र्याला झबलं घातलं, आज हिनं पोस्टमनला ओरडून पळवून लावलं. कुत्रं कुठलं आणि पोस्टमन कुठला. घरी येईपर्यंत वाटेत रडायची. ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. फोनच्या त्या खोक्यात मी हसत उभा राहायचो, बाहेरची माणसं काचेवर टिचक्या मारायची. ते झबल्यातलं कुत्रं मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं. परीक्षा जवळ आली होती, सगळे टेकीला आले होते, आणि सगळे हसले होते. माणसांना हसवता येतं, त्यानं ती सैल होतात, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. मी पास झालो.

"आहे तर मग," बाई म्हणाल्या. "हा तोच. तीन महिन्यांनी परत एक प्लेट काढू, खात्रीसाठी. खोकला घशाचा आहे, लिहून देते." त्यांनी लिहिलं आणि दुसऱ्या खोलीत गेल्या. मावशी अजून बोलत होती, मुलीनं तिला नंतर करते म्हणून फोन बंद केला.

ती औषधाच्या कागदाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "परीक्षा होऊ दे. माझ्या वेळी पण हेच म्हणाली ती?"

मी कॅसेट उचलून कपाटात ठेवली.

"बाबा, विचारतेय मी."

"हो. हेच."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत मला? मी तुम्हाला इतकं बोलले."

"ती नको म्हणाली होती. पण फोन माझ्या हातात होता. मला ठेवता आला असता."

ती पडद्यावरच्या आपल्याच बरगड्यांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो माझ्याकडे येत नव्हता, कुठं जावं ते त्याला समजत नव्हतं. मला वाटलं आईची बाजू घ्यावी. काय घेणार? माझाही राग तिथंच जात होता. सहा महिने माझी पोर आजारी होती आणि मी एका कुत्र्याला हसत होतो.

"हे आता बंद," मुलगी म्हणाली. "मला काही झालं तर मी सांगेन, तुम्हाला काही झालं तर तुम्ही सांगायचं. त्याच दिवशी. माझी परीक्षा असो, लग्न असो, काही असो."

"बरं."

"नुसतं बरं नको."

मी थोडा विचार केला. दहावी चिठ्ठी खिडकीत पडून होती आणि दार पुन्हा वाजत होतं. "एक सांगायचंय मग," मी म्हटलं. "ती गेल्यापासून मी घरात गॅस पेटवलेला नाही."

तिनं मान वर केली. "म्हणजे?"

"पेटवायला गेलो की पेटवत नाही. दुपारचं कॅन्टीनला खातो."

"आणि रात्री?"

"बिस्किटं. पाण्यात बुडवून. दूधही तापवावं लागतं ना."

ती माझ्याकडे बघत राहिली, तोंडाच्या कोपऱ्याकडे, तिथं काही हलतंय का ते. "हा विनोद आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं साखळी उचलून गळ्यात घातली, तिला मागचा आकडा लागेना, तशी पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली. मी आकडा लावला. "पाळी किती वाजता सुटते?" तिनं विचारलं.

"दोनला."

"मी बाहेर बसते," ती म्हणाली, आणि दार उघडून दहाव्या चिठ्ठीवाल्या आजींना म्हणाली, "जा आत. आणि थोडा वेळ लागला त्याबद्दल माफ करा, माझी चूक."

आजी आत आल्या. खुबा, अठ्ठ्याहत्तर. त्या टेबलाकडे बघून घाबरल्या होत्या. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात धरला.